मयूरीच्या चित्रातली खोली

प्रतिभा पाटीलला कशाची भीती वाटत नाही, असं तिच्या घरच्यांना विचारलं असतं तर त्यांना बराच वेळ आठवावं लागलं असतं. कुत्र्यांची वाटायची. विजेची वाटायची. भर दुपारी फोन वाजला तर कोणाचं काय झालं असेल या विचाराने उचलायच्या आधीच तिचा हात गार पडायचा. केंद्रप्रमुख शाळा बघायला येणार म्हटलं की आदल्या दिवसापासून तिला घास गिळवत नसे. ब्राह्मणपुरीला माहेरी होती तेव्हा तिची आई शेजारणींना सांगायची, "मन्ही पोर सावलीलेबी भ्यास." लग्न होऊन ती म्हसावदला आली. नवरा हेमकांत शहाद्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरीला. शांत माणूस. त्याने बायकोचा हा स्वभाव हसण्यावारी नेला नाही, की बदलायलाही गेला नाही. कुठे जायचं असेल तर तो न सांगता बरोबर निघायचा, एवढंच.

शिक्षिका झाली तीही भीतभीतच. पहिली नेमणूक धडगावकडे, डोंगरातल्या एका पाड्यावर. मुलं पावरी बोलायची. हिचं पुस्तकातलं मराठी त्यांना कळेना, त्यांचं बोलणं हिला. पंधरा दिवस वर्गात दोन्ही बाजू एकमेकींकडे नुसत्या बघत बसल्या. मग एके दिवशी, दुसरं काही सुचेना म्हणून, तिने फळ्यावर एक कोंबडी काढली. मागे बसलेली एक चिमुरडी उठली, तिने खडू मागून घेतला आणि कोंबडीमागे पाच पिल्लं काढली. दुसरीने वरून येणारी घार काढली. मग सगळा वर्गच फळ्याशी आला. कोणाच्या घरी बकरी व्याली, कोणाचा बाप सौराष्ट्रात मजुरीला गेला, कोणाची बहीण तापाने गेली, हे सगळं प्रतिभाला भाषा येण्याआधी चित्रांतून कळलं. नऊ वर्षांनी तिची बदली खाली मैदानात, कळसाडीच्या पलीकडच्या एका गावात झाली, तोवर ती पावरी चांगली बोलू लागली होती. पण मुलांच्या हातात कागद द्यायची सवय काही सुटली नाही.

गाव सुखवस्तू होतं. केळी, ऊस, कापूस. चौथीपर्यंतची शाळा, दोन शिक्षक. मुख्याध्यापक नवलसिंग सर अक्राणीकडचे, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, कोणाच्या अध्यात ना मध्यात. गेल्या श्रावणात शहाद्याला शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. नंदुरबारहून वळवी मॅडम म्हणून एक समुपदेशक आल्या होत्या. मुलांच्या चित्रांवरून त्यांच्या मनात काय चाललंय याचा अंदाज कसा घ्यायचा, हे त्यांनी समजावलं. प्रतिभाने वहीभर लिहून घेतलं. शेवटी वळवी मॅडम म्हणाल्या ते मात्र तिने तेव्हा नीट ऐकलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "चित्र म्हणजे तपासणीचा अहवाल नाही. काळा रंग दिसला की दुःख, दात दिसले की राग, असलं काही करू नका. कधी कधी डबीत काळाच खडू उरलेला असतो. मुलाला एवढंच म्हणा, मला या चित्राबद्दल सांग. आणि मग गप्प बसा. आपले शब्द त्याच्या तोंडात घालू नका."

तेव्हापासून दर शनिवारी, सकाळच्या शाळेत, शेवटचा तास चित्रांचा ठरला.

मयूरी तिसरीत होती. हिंमतरावांची नात. हिंमतराव म्हणजे गावातलं मोठं घर. त्यांना सगळे आबा म्हणत, आणि शाळेच्या व्यवस्थापन समितीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होतं. मयूरी तोंडाची टकळी बंद न करणारी मुलगी. दिवाळीपर्यंत तिने मोर काढले. एक मोर, दोन मोर, शाळेच्या पत्र्यावर मोर, आबांच्या ट्रॅक्टरवर मोर. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली आणि मोर बंद झाले.

पहिल्या शनिवारी तिने घर काढलं. घरापुढे चार माणसं. पांढऱ्या टोपीचे आबा, डोक्यावर पदर घेतलेली मोठी माय, म्हणजे आजी, पप्पा, आत्या. घरापासून लांब, पानाच्या अगदी कोपऱ्यात, एक चौकोन. काळाकुट्ट. प्रतिभाने तो पाहिला आणि पुढे गेली. दुसऱ्या शनिवारी तेच घर, तीच चार माणसं, तोच चौकोन. पण आता आबांच्या हातात त्यांच्या हाताहून मोठी किल्ली होती. तिसऱ्या शनिवारी चौकोनाला खिडकी आली आणि खिडकीत एक माणूस आलं. लहानसं. त्याला डोळे होते, केस होते, तोंड होतं. हात नव्हते.

प्रतिभाने आधीची दोन्ही चित्रं काढून शेजारी ठेवली.

मग तिला बाकीचं दिसायला लागलं. मयूरी मधल्या सुट्टीत खेळत नव्हती. खिचडी ताटातच राहायची. पोट दुखतं म्हणून आठवड्यात दोनदा घरी गेली होती. आणि एक गोष्ट फार विचित्र होती. शाळा सुटताना नवलसिंग सर सामानाच्या खोलीला कुलूप घालत, तेव्हा कुलपाचा खट्ट आवाज झाला की ही पोरगी दोन्ही कानांवर हात दाबायची.

सोमवारी प्रतिभाने तिला एकटीला थांबवून घेतलं. आणि इथे तिची चूक झाली. भीती माणसाला घाई करायला लावते. वहीतलं सगळं ती विसरली आणि एकामागून एक विचारत सुटली.

"तुले कोणी मारस का?"

मयूरीने मान हलवली. हो.

"कोणी खोलीमा कोंडस का?"

हो.

"पप्पा?"

हो.

"आबा?"

हो.

प्रतिभाला दरदरून घाम फुटला. कशाने मारतात, कुठे कोंडतात, आणखी काय करतात, नको नको ते सगळं तिच्या डोळ्यांपुढे येऊन गेलं. हातातला रुमाल पिळत ती शेवटी, का कोण जाणे, म्हणाली, "आणि मी? मी मारस का?"

मयूरीने तशीच मान हलवली. हो.

तेव्हा प्रतिभाला कळलं, की ही मुलगी कशालाच उत्तर देत नाहीये. समोरचा मोठा माणूस लवकर गप्प व्हावा म्हणून ती फक्त मान हलवतेय. आपण स्वतः लहानपणी हेच करत होतो, हेही तिला आठवलं, आणि तिची तिलाच लाज वाटली.

त्या दुपारी तिने वळवी मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आता काही विचारू नका. आठवडाभर तिला फक्त जवळ बसू द्या. शनिवारी तिने काढलं तर काढलं. आणि पाटील मॅडम, अजून कोणावर संशय धरू नका. पण डोळ्यांआडही करू नका. काही वाटलं तर कधीही फोन करा."

तो आठवडा प्रतिभाने कसा काढला ते तिलाच ठाऊक. रोज सकाळी म्हसावदहून स्कूटीवर निघताना तिला वाटायचं, आज मयूरी आली नसेल तर? वर्गात शिरल्यावर नजर आधी दुसऱ्या ओळीकडे जायची. दोन वेण्या दिसल्या की श्वास सुटायचा. नवलसिंग सरांना तिने आडून विचारून पाहिलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, आबांचं घर आहे ते. तुम्हाला इथे राहायचं आहे. मला दीड वर्ष काढायचं आहे. पोरं काहीही काढतात." मग हळूच, "तिची आई दिसत नाही दसऱ्यापासून. भावाकडे सुरतला गेली म्हणतात. असेल गेली." एवढं बोलून ते हजेरीपटात डोकं घालून बसले.

दीपमाला. मयूरीची आई. प्रतिभाने तिला दोनतीनदाच पाहिलं होतं. उन्हाळ्यात तिला मुलगा झाला आणि आठव्या दिवशी गेला, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. त्यानंतर ती कोणाशी बोलत नाही असं बायका म्हणत. आणि चित्रातल्या घरापुढे चार माणसं होती. प्रतिभाने इतके दिवस काळा चौकोन पाहिला. घरापुढे कोण नाही हे तिने मोजलंच नव्हतं.

शनिवारी मयूरीने पुन्हा तेच चित्र काढलं. प्रतिभा तिच्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसली. बाकीची मुलं रंगांवरून भांडत होती. ती म्हणाली, "माले याना बद्दल सांग." आणि गप्प बसली. 

 मयूरीने काळा खडू घासून घासून चौकोन आणखी काळा केला.

"ही मोटारनी खोली शे," ती शेवटी म्हणाली. "केळीना वावरमा. दरवाजाले डांबर लायेल शे."

म्हणजे ही विहिरीवरच्या पंपाची खोली होती, आणि काळा रंग डांबराचा. 

"हिले हात शेतस," मयूरीने खिडकीतल्या माणसावर बोट ठेवलं. "मांगे शेतस. बांधेल."

"कोण शे ती?"

मयूरीने आजूबाजूला पाहिलं. मग प्रतिभाच्या कानाशी तोंड आणलं. तिच्या श्वासाला खडूचा वास येत होता. "मम्मी."

दिवाळीच्या सुट्टीत ती मोठ्या मायच्या मागोमाग लपतछपत वावरात गेली होती. मोठी माय डबा घेऊन आत गेली तेव्हा तिने केळीच्या आडून खिडकीतून पाहिलं. परत येताना मोठ्या मायने तिला पाहिलं, आणि तिथेच बांधावर बसून तिच्याकडून शपथ घेतली.

"मोठी माय बोलनी, कोणले सांगजो नको. सांगं ते पोलीस मम्मीले लई जातीन," मयूरी म्हणाली. मग तिने चित्रावर हात ठेवला. "काढजो नको, असं नही बोलनी ती."

प्रतिभाने तिला जवळ घेतलं. मुलांसमोर रडायचं नाही म्हणून तिने फळ्याकडे तोंड केलं आणि उगाच तारीख पुसून पुन्हा लिहिली.

त्याच वेळी फोन करायचा होता. ते तिला नंतर सगळ्यांनी सांगितलं आणि तिलाही माहीत होतं. पण लहान मुलीच्या बोलण्यावर एवढं मोठं घर अंगावर घ्यायचं, आणि खोली रिकामी निघाली तर? सुरतेत दीपमाला भावाच्या घरी पोळ्या लाटत असेल तर? सोमवारी मधल्या सुट्टीत, बँकेत काम आहे असं खोटंच सांगून, प्रतिभा हिंमतरावांच्या वावराकडे निघाली.

गाव संपलं की दोन्ही बाजूंनी ऊस होता, डोक्याच्या वर गेलेला. गाडीवाटेच्या तोंडाशी वनखात्याने फलक लावला होता. या परिसरात बिबट्याचा वावर आहे, एकट्याने फिरू नये. गेल्या महिन्यात याच शिवारात वासरू नेलं होतं. स्कूटी चिखलात रुतेल म्हणून ती पायी निघाली होती. उसाचं पान पानाला घासलं तरी तिचे पाय जागच्या जागी थांबत. पुढे जायला भीती, आणि मागे वळायचं तर पाठ उसाकडे करायची, त्याचीही भीती. ती तोंडाने पाढे म्हणू लागली. सतरापर्यंत आली तेव्हा ऊस संपला आणि केळी लागली.

केळीत उजेड वेगळाच, हिरवा आणि दमट. घडांना निळ्या पिशव्या घातलेल्या. मोटार चालू नव्हती, त्यामुळे तिचीच पावलं तिला ऐकू येत होती. खोली चित्रात होती तशीच होती. डांबर फासलेला दरवाजा, त्याला पितळी कुलूप, बाजूला हातभर खिडकी, गज बसवलेली. ती दहा पावलांवर थांबली. आतून काहीच आवाज नव्हता. तिला हायसं वाटलं. नाहीच कोणी, ती मनाशी म्हणाली, पोरीने काहीतरी...

"कोण शे?"

आवाज घोगरा, फार दिवस न वापरलेला. प्रतिभाच्या अंगावर सर्रकन काटा आला. 

"मयू?" आतून पुन्हा आवाज आला. "मयूनी शाळा सुटनी का?"

प्रतिभा खिडकीपाशी गेली की नाही, हे पुढे तिला कधी नीट आठवलं नाही. एवढं आठवतं की आत अंधारात एक चेहरा होता आणि केस कोणीतरी कात्रीने वेडेवाकडे कापले होते. आणि तेवढ्यात मागे पाचोळा वाजला. ती किंचाळलीच.

मागे बिबट्या नव्हता. वत्सलाबाई होत्या, हिंमतरावांची बायको, मयूरीची मोठी माय. हातात स्टीलचा डबा. प्रतिभाला पाहून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. दोघी एकमेकींपुढे उभ्या, आणि कोण जास्त घाबरलं आहे ते सांगता आलं नसतं.

"मॅडम, तुम्ही आठे कसाले उनात?" वत्सलाबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज फुटला. "तुम्ही काहीच देखं नही. तुमना पाया पडस मी."

"किती दिवसांपासून, माय?"

"नवरात्रपाईन." त्या मटकन खाली बसल्या. "दोन डाव विहिरमा उडी मारी तिनी. मरेल बाळ तिले बलावस म्हने. मी रातदिन तिना मांगे किती पळू? भगतकडे लई गयात. काही फरक नही पडना. घरमा आंडेरनं, मयूनी आत्यानं, लगीन जमेल शे. लोकेस्ले कयनं ते मोडी जाई. मयूना आबा बोलनात, वावरमा ठेवा. मी खाऊ घालस, न्हावाडस. हात सोडा ते माले भ्याव वाटस, मॅडम. ती मरी गयी ते मी मयूले काय सांगू?"

प्रतिभाला त्या म्हातारीचा राग यायला हवा होता. तो आलाच नाही. "माय, हा आजार शे," ती म्हणाली. "बाळंतपणानंतर होतो. औषध शे त्याला." आपण मराठीत बोलतोय की अहिराणीत, हेही तिला कळत नव्हतं.

 डबा उराशी धरून वत्सलाबाई तशाच बसून राहिल्या.

उसातून परत येताना प्रतिभाला बिबट्याची आठवणही झाली नाही. रस्त्याला लागल्यावर तिने वळवी मॅडमना फोन लावला, आणि फोन लागला तेव्हा तिचा आवाज गेला. तिकडून त्या "हॅलो, हॅलो" करत होत्या. हिला फक्त एवढंच म्हणता आलं, "तिची आई आहे. बांधलेली आहे."

"मी उद्या डॉक्टरांना घेऊन येते," वळवी मॅडम म्हणाल्या. "तुम्ही शाळेत थांबा. एकट्या कुठे जाऊ नका."

मंगळवारी हेमकांतने रजा टाकली आणि मोटारसायकलवर तिला शाळेत सोडलं. "तू भिऊ नको, मी बाहेर थांबस," असं म्हणून तो समोरच्या निंबाखाली बसला. पावणेअकराला हिंमतराव आले. मॅडम वावरात येऊन गेल्याचं त्यांना रात्रीच घरात कळलं होतं, आणि मयूरीला दटावल्यावर चित्रांचंही. त्यांनी चपला बाहेर काढल्या नाहीत. सत्तरीचा उंच माणूस, आवाज कधी चढवत नसत. त्यामुळेच लोक घाबरत.

"मॅडम, तुम्ही शाळेत शिकवा," ते शुद्ध मराठीत म्हणाले. रागात ते शुद्ध बोलत. "आमच्या घरात डोकावायचं काम तुम्हाला कोणी दिलेलं नाही. डोंगरातल्या शाळांना अजून शिक्षक मिळत नाहीत, हे तुम्हाला माहीत असेल. ती चित्रं कुठे आहेत?"

 मयूरी दुसऱ्या ओळीत, पेन्सिल दातात धरून.  प्रतिभा कपाटाला टेकून उभी राहिली. चित्रं त्याच कपाटात होती. कपाट उघडून द्यावीत, असं तिला अगदी मनापासून वाटलं. दिली असती तर हा माणूस गेला असता, आणि तिला घरी जाऊन पांघरूण डोक्यावर ओढून पडता आलं असतं.

"नाही देणार, आबा," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की त्यांना पुन्हा विचारावं लागलं, आणि तिला पुन्हा म्हणावं लागलं.

 हिंमतरावांनी मयूरीचा दंड धरला आणि तिला ओळीतून उठवलं. "ही उद्यापासून येणार नाही." मयूरी रडली नाही. जाताना तिने मागे वळून पाहिलं, आणि त्या नजरेने प्रतिभाला पुढे कित्येक दिवस झोप लागली नाही. पोरीने आपल्यावर विश्वास टाकला आणि आता तिचं काय होईल, या एका विचाराने तिला ओकारी आली. ती मागच्या नळावर जाऊन आली, तोंड धुतलं आणि वर्गाला चारचा पाढा म्हणायला लावला.

बाराच्या सुमारास सरकारी गाडी आली. वळवी मॅडम, नंदुरबारच्या दवाखान्यातले मनोविकारांचे डॉक्टर, एक नर्स, आणि साध्या कपड्यांतली महिला पोलीस. वाट फक्त प्रतिभालाच ठाऊक होती. ती पुढे बसली. सारा वेळ तिला वाटत होतं, रात्रीतून हलवलं असेल. खोली रिकामी असेल, धुऊनही काढली असेल.

खोलीपुढे हिंमतराव उभे होते आणि त्यांच्यामागे त्यांचा मुलगा भावेश, मयूरीचा बाप, खाली मान घालून. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, की हा आजार बरा होण्यासारखा आहे, आणि माणसाला असं बांधून ठेवणं कायद्याला मान्य नाही. हिंमतराव म्हणाले, किल्ली हरवली आहे.  पोलीस बाईने फोन बाहेर काढला.

तेव्हा केळीतून वत्सलाबाई पुढे आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. कमरेला खोचलेली किल्ली काढली आणि त्या दाराकडे वळल्या. भावेशने ती त्यांच्या हातातून घेतली आणि कुलूप उघडलं. उघडल्यावर तो तिथेच भिंतीला डोकं लावून लहान मुलासारखा रडू लागला.

नर्स आणि वळवी मॅडम आत गेल्या. बऱ्याच वेळाने दीपमाला बाहेर आली. सुती दोरीने मनगटांवर काळे वळ पडले होते. उजेड सहन होईना म्हणून तिने डोळे घट्ट मिटले होते. वत्सलाबाईंनी आपला पदर तिच्या डोक्यावर ओढला आणि गाडीपर्यंत तिला धरून नेलं. पुढचे दीड महिने त्या नंदुरबारच्या दवाखान्यात सुनेच्या खाटेशेजारी चटई टाकून राहिल्या. त्या काळात एकदाही घरी आल्या नाहीत.

यानंतर सगळं नीट झालं असं सांगता आलं असतं तर बरं होतं. आत्याचं लग्न मोडलं. मुलाकडच्यांनी कारण दिलं नाही. प्रतिभा समोर दिसली की आत्या अजूनही रस्ता बदलते, आणि त्यात तिचं काही चुकतं असं प्रतिभाला वाटत नाही. शाळेपुढे लावलेल्या स्कूटीतली हवा तीन वेळा कोणीतरी सोडली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गावातल्या एकाही घराने तिला बोलावलं नाही. हेमकांत महिनाभर तिला सोडायला आणि न्यायला येत होता. तिची बदली मात्र झाली नाही. हिंमतरावांनी ती करायचा प्रयत्न केला की सोडून दिला, हे कोणालाच कळलं नाही. ते शाळेकडे फिरकेनासे झाले.

मयूरी सतरा दिवसांनी शाळेत आली. भावेशने स्वतः आणून सोडलं. दारात उभा राहून तो म्हणाला, "मॅडम, तिले संभाळा," आणि वर मान न करता गेला. शनिवारी प्रतिभाने सगळ्यांना कागद दिले. मयूरीने कागद घेतला आणि कोराच परत दिला. पुढच्या शनिवारीही. कोऱ्या कागदाची प्रतिभाला त्या चौकोनाहून जास्त भीती वाटली. चित्र काढलं की काय होतं, हे या पोरीने पाहिलं होतं. आई गेली, आत्या रडली, आबा बोलेनासे झाले. वळवी मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, कोरा देऊ द्या. परीक्षेची गडबड सुरू होईपर्यंतचे दहाही शनिवार मयूरीने कागद कोरे दिले. प्रतिभाने प्रत्येकावर तारीख घातली, तिचं नाव घातलं आणि इतरांच्या चित्रांबरोबर जपून ठेवला. पोट दुखणं हळूहळू थांबलं. फेब्रुवारीत एकदा मधल्या सुट्टीत मयूरी लंगडी खेळताना दिसली, तेव्हा प्रतिभा खिचडीचं ताट हातात घेऊन तशीच बघत उभी राहिली.

जूनमध्ये, शाळा उघडायच्या दोन दिवस आधी, प्रतिभा वह्या आणायला शहाद्याला गेली होती. बसस्टँडवर नंदुरबारच्या गाडीची वाट बघत एक बाई उभी होती. अंगाने सुटलेली, केस खांद्यापर्यंत वाढलेले, हाताच्या बोटांना बारीक कंप. शेजारी मयूरी. प्रतिभा थबकली. समोर जावं की नाही, तिला कळेना. या बाईला काय काय आठवत असेल? खिडकीतला आपला चेहरा आठवत असेल तर?

मयूरीने तिला पाहिलं आणि आईचा पदर ओढला. दीपमाला वळली. 

"तुम्ही मयूना मॅडम ना?" ती म्हणाली. आवाज साधा होता. त्यात कसलीही ओळख नव्हती.

"हो," प्रतिभा म्हणाली. "बरं शे ना?"

"बरं शे. गोळ्यास्नी झोप फार येस. महिनाले एक डाव जानं पडस दवाखानामा." मग तिने आवाज खाली आणला, जणू काही नाजूक विषय काढतेय. "मॅडम, हिले भागाकार नही येस. चौथीमा गयी आते. तुम्ही जरा देखजात."

"देखसू ना," प्रतिभा म्हणाली. "सोपा असतो. सात दिवसांत येईल तिला."

"मन्हा बी कच्चा व्हता," दीपमाला म्हणाली आणि किंचित हसली.

नंदुरबारची गाडी लागली. गर्दी दाराकडे धावली. दीपमालाला गर्दी सोसवेना. ती दोन पावलं मागे सरली आणि तिने मयूरीचा हात घट्ट धरला. प्रतिभालाही गर्दीची भीती वाटायची, लहानपणापासून. ती पुढे घुसली, कोपराने वाट केली, खिडकीशेजारच्या बाकावर आपली पिशवी टाकली आणि दोघींना वर चढवून बसवलं. कंडक्टरने घंटी मारली, तेव्हा ती घाईघाईने खाली उतरली.